जुना ट्रॅव्हल ट्रेलर बाहेरून नीट करायचाय: छत, सांधे, काळे ओघळ, स्टिकर

सह्यवाट (कोलंबस, ओहायो)

नमस्कार मंडळी. या हिवाळ्यात आम्ही एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. २००६ सालचा, २४ फुटी, इंडियानात एल्कहार्टच्या बाजूला बनलेला. स्लाइड-आउट (बाहेर सरकणारी खोली) नाही. आतून छान आहे. फ्रिज गॅसवर आणि विजेवर दोन्हीवर चालतो, फर्नेस लागते, गाद्या नव्या आहेत. बाहेरून मात्र रया गेलेली आहे. पुढच्या फायबरग्लासच्या टोपीवरून हात फिरवला की तळहात पांढरा होतो. खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून खाली काळे ओघळ आहेत. बाजूचे तपकिरी-सोनेरी पट्टे तडकून त्यांचे खवले निघू लागलेत. छताला पांढरं रबर आहे, त्यावर मी अजून चढलेलो नाही.

जुलैत मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात जायचं आहे. वाटेतल्या एका खासगी पार्कने ट्रेलर दहा वर्षांपेक्षा जुना म्हणून आधी फोटो मागितलेत. स्टेट पार्कांना वयाशी काही देणंघेणं नसतं, पण दोन मुक्काम खासगी जागीच करावे लागणार आहेत.

पॉलिशर आणि रबिंग कंपाउंड आणून ठेवलंय. पुढच्या टोपीपासून सुरुवात करावी असं मनात आहे. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी क्रम, सामान, काय टाळायचं ते सविस्तर लिहा. मुलीला यात फार रस आहे, ती रोज हाताशी असेल.

तांबडी_माती (ग्रँड रॅपिड्स, मिशिगन)

अभिनंदन! पॉलिशर सध्या खोक्यातच राहू द्या. आधी शिडी काढा.

पांढरी भुकटी ही उन्हाची करणी आहे. फायबरग्लासवरचा जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत चकाकता थर, अतिनील किरणांनी वरून वरून विटतो, त्याची पूड होते. दिसायला वाईट, पण त्यामुळे ट्रेलर मरत नाही. ट्रेलर मरतो तो पाण्याने. तुमच्या भिंतीत बाहेरून फिलॉन म्हणजे फायबरग्लासचा पातळ पत्रा, त्यामागे लुआनचं जेमतेम तीन मिलिमीटरचं प्लाय, त्यामागे फोम आणि चौकट, असं सगळं एकत्र चिकटवलेलं असतं. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की ते लुआनमध्ये पसरतं, चिकटवण सुटतं आणि भिंतीला फुगवटा येतो. तो एकदा आला की दुरुस्तीचा खर्च ट्रेलरच्या किमतीला जाऊन भिडतो. म्हणून क्रम असा: छत, मग कोपऱ्यांच्या पट्ट्या, मग खिडक्या आणि दिवे, आणि हे सगळं कोरडं आहे याची खात्री पटल्यावर चकाकी.

छताचं सांगतो. २००६ चा आहे म्हणजे बहुधा ईपीडीएम, म्हणजे एक प्रकारचं कृत्रिम रबर. ओल्या फडक्याने घासलं की फडक्याला खडूसारखं पांढरं लागतं आणि रबराची खालची बाजू काळी असते, ही त्याची खूण. टीपीओ, म्हणजे छताचा दुसरा, प्लास्टिकसारखा प्रकार असेल तर तशी पूड येत नाही. ओळख पटणं महत्त्वाचं, कारण पुढे लेप द्यायची वेळ आली तर टीपीओला वेगळा प्रायमर लागतो. वर जाताना गुडघ्याखाली प्लायचा तुकडा ठेवा, वजन विभागलं जातं. पाय ठेवाल तिथे मऊ लागतंय का ते लक्षपूर्वक बघा. मऊ लागलं तर तिथेच थांबून इथे लिहा.

धुवायला भांड्यांचा सौम्य साबण आणि मऊ ब्रश. पेट्रोलियमचा अंश असलेलं किंवा संत्र्या-लिंबाच्या तेलाचं कुठलंही क्लीनर ईपीडीएमवर वापरू नका, रबर फुगतं आणि खालून सुटतं. प्रेशर वॉशर सांध्यांच्या जवळपासही नको. तो पाणी नेमकं जिथे जाऊ नये तिथे घुसवतो.

व्हेंट, अँटेना, फ्रिजची चिमणी, प्लंबिंगचे पाइप आणि पुढची-मागची आडवी पट्टी, या सगळ्यांभोवती करड्या-पांढऱ्या सीलंटची वळी असेल. बोटाने दाबा. चिकटून आणि लवचीक असेल तर उपटू नका. तडकलेलं, उचललं गेलेलं तेवढं प्लास्टिकच्या खरवडणीने काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यावर डायकॉरचं सेल्फ-लेव्हलिंग लॅप सीलंट सोडा. ते आपोआप पसरून सपाट होतं. उभ्या जागी हेच वापरलं तर ओघळून खाली येईल, तिथे त्याच कंपनीचं न ओघळणारं मिळतं ते घ्या. हवा १० अंश सेल्सिअसच्या वर असू द्या. ओहायोत एप्रिलच्या शेवटापर्यंत थांबावं लागेल.

कुडाळकर (एडिसन, न्यू जर्सी)

तांबडी_माती यांच्याशी पूर्ण सहमत. आमच्याकडे मृगाच्या आधी घर शाकारून घेतात, भिंतीला चुना नंतर. इथेही तोच हिशेब.

एक भर घालतो. छतावर आधी कोणी सिलिकॉन फासलंय का ते बघा. पारदर्शक, रबरी आणि कडेने सोलून निघणारं असेल तर तेच. सिलिकॉनवर दुसरं सीलंट धरत नाही, सिलिकॉनवर नवीन सिलिकॉनसुद्धा धड बसत नाही. ते संपूर्ण काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. फार कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही. आमच्या ट्रेलरच्या आधीच्या मालकाने जिथे गळेल तिथे सिलिकॉनचा थर दिला होता आणि पाणी त्या थराखालून निवांत वाहत होतं.

लांब भेग किंवा छताची संपूर्ण कड असेल तर इटर्नाबाँडची चिकट सीलिंग पट्टी लावा. दाबली की बसली, परत निघत नाही, म्हणून आधी कोरडी ठेवून मापं घ्या. कोपरे कात्रीने गोल करा, टोकदार कोपरा उचलला जातो. वरून रबरी रोलर जोर लावून फिरवा.

उंचसखल (डेन्व्हर)

वीस-पंचवीस डॉलरचा पिनांचा ओलावामापक आणा. आतून प्रत्येक कोपऱ्यात, खिडक्यांच्या खाली आणि कपाटांच्या आत मोजा. लाकूड १५ टक्क्यांच्या आत असेल तर निर्धास्त, २० च्या वर गेलं तर कुठून तरी पाणी येतंय असं समजा. पिना नसलेला मीटर घेतला तर अॅल्युमिनियमच्या चौकटीजवळ तो फसवतो.

दुसरं, अंधार पडताना टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरून प्रकाश सोडा. दिवसा न दिसणारा फुगवटा त्या तिरक्या उजेडात लगेच दिसतो. जुना ट्रेलर विकत घ्यायला जाणाऱ्यांनीसुद्धा हे करावंच.

सह्यवाट

मनापासून आभार. छत पाहून आलो. मऊ कुठे लागलं नाही, ईपीडीएमच आहे. पुढच्या आडव्या पट्टीवरचं सीलंट जागोजागी फाटलंय. मीटरवर बहुतेक ठिकाणी १० ते १३ आलं, पण पुढच्या डाव्या कोपऱ्यात, पलंगाखालच्या कप्प्यात २६. हात लावला तर ओलं लागत नाही. फुगवटा टॉर्चने बघितला, नाही. आता?

तांबडी_माती

२६ म्हणजे पाणी येतंय, आणि पट्टी फाटलीय त्याच्या बरोबर खालचा कोपरा आहे. वेळेवर सापडलं हे चांगलं झालं.

कोपऱ्यावरची अॅल्युमिनियमची पट्टी उघडावी लागेल. तिच्या खाचेत एक प्लास्टिकची फीत असते, ती ओढून काढा. इतक्या वर्षांत ती आखडून दोन्ही टोकांना तोकडी झालेली असेल, आणि त्या उघड्या टोकातूनच पाणी आत स्क्रूंवर जातं. फितीखाली स्क्रूंची रांग दिसेल, बरेचसे गंजलेले. हाताने फिरवा, ड्रिलने जोर केला तर डोकी तुटतात. पट्टी वाकू न देता वरून खाली सोडवत या, दुसऱ्या माणसाने खालचं टोक धरायला हवं.

तिच्यामागे ब्युटाइल (मऊ, चिकट रबर) किंवा पुटीची टेप असते. वाळून खडखडीत झाली असेल. प्लास्टिकच्या पातीने खरवडा, राहिलेलं मिनरल स्पिरिटने पुसा. हे स्पिरिट फायबरग्लासवर आणि पट्टीवर चालतं, छताच्या रबरावर थेंबही पडू देऊ नका. लाकूड उघडं पडलं की त्यात स्क्रूड्रायव्हरचं टोक टोचून बघा. काळपट पण टणक असेल तर पंखा लावून वाळवा, मीटर १५ च्या खाली येईपर्यंत कोपरा बंद करू नका. ओलं लाकूड आत कोंडणं हा सगळ्यात मोठा धोका. टोक सहज आत जात असेल तर पातळ इपॉक्सी पाजून कडक करता येतं, आणि भुगा होत असेल तर तेवढा तुकडा कापून नवा घालायचा.

परत बसवताना नवी ब्युटाइल टेप, स्टेनलेसचे स्क्रू, भोकं सैल झाली असतील तर थोडे लांब. स्क्रू आवळल्यावर टेप कडेने बाहेर यायला हवी. ती आली नाही तर टेप कमी पडली. उन्हात काही दिवस गेल्यावर पुन्हा हलकेच आवळा, मग बाहेर आलेलं प्लास्टिकच्या पातीने कापून टाका आणि वरच्या व बाजूच्या कडेला न ओघळणारं सीलंट लावा. नवीन फीत उन्हात ठेवून नरम करा आणि ताणून न बसवता उलट थोडी मागे ढकलत बसवा, म्हणजे आखडायला वाव राहील.

खिडक्यांचंही असंच, फक्त एक लक्षात ठेवा. चौकटीच्या खालच्या कडेला पाणी बाहेर जायची बारीक भोकं असतात. खालच्या बाजूने सीलंट फासून ती बुजवली की आत साचलेलं पाणी भिंतीत जातं.

गवतफुला (ऑस्टिन, टेक्सस)

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आमचा १९८८ चा आहे, बाहेर फायबरग्लास नाही, आडव्या नाळ्यांचा अॅल्युमिनियमचा पत्रा आहे. रंग खडूसारखा झालाय, दोन ठिकाणी गारांचे पोचे. पॉलिश करावं की रंगवावं?

कुडाळकर

ताई, तो पत्रा कारखान्यात रंगवलेला असतो आणि रंगाचा थर पातळ असतो. कंपाउंड लावलं तर नाळ्यांच्या उंचवट्यांवर धातू उघडा पडेल. रंगवाच.

आमच्या शेजाऱ्यांबरोबर मी हे काम केलंय. आधी टीएसपीने (ट्रायसोडियम फॉस्फेट, धुण्याची तीव्र पावडर) सगळी पूड धुऊन काढायची, हाताला पांढरं लागेनासं होईपर्यंत. मग स्कॉच-ब्राइटने घासून चमक मारायची. जिथे नुसता धातू दिसतो तिथे सेल्फ-एचिंग प्रायमर, नाही तर अॅल्युमिनियमवरून रंगाचे पापुद्रे निघतात. वरून बोटींसाठीचा एकघटकी पॉलियुरेथेन रंग. एकाने फोमच्या रोलरने लावत जायचं आणि दुसऱ्याने लगेच मागून चांगल्या ब्रशच्या टोकाने हलकेच ओढत जायचं. बुडबुडे जिरतात, फवाऱ्याने मारल्यासारखा सपाट बसतो. दोन पातळ हात द्या. टेक्ससच्या उन्हात सकाळी लवकर आणि सावलीच्या बाजूलाच काम करा, नाही तर ब्रश पोचायच्या आधी रंग ओढला जातो.

दोनघटकी रंग जास्त टिकतो, पण त्यात आयसोसायनेट असतात. त्याचा फवारा घरच्या अंगणात साध्या मास्कवर अजिबात मारू नका. फुफ्फुसांना कायमची इजा होऊ शकते.

पोचे तसेच राहू द्या. त्यात भरलेली लांबी पत्रा तापला-निवला की तडकते.

निवडुंग (फिनिक्स, अॅरिझोना)

चकाकीबद्दल लिहितो, कारण इथे ऊन सगळ्यांचा जेलकोट खातं.

एका बाजूला दोन फूट चौकोनात चाचणी करा. साबणाने धुवा. गंजाचे डाग आणि पिवळेपणा असेल तर ऑक्झॅलिक आम्ल असलेलं क्लीनर (बार कीपर्स फ्रेंडमध्ये तेच असतं), हातमोजे घालून, आणि वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुऊन टाका. मग बोटींसाठीचं कंपाउंड. गाडीच्या क्लिअरकोटचं कंपाउंड जेलकोटला सौम्य पडतं. पॅड सतत हलतं ठेवा, पुसा, मग बारीक पॉलिश, मग वॅक्स किंवा पॉलिमर सीलंट. हे सगळं सावलीत.

पुढची टोपी साच्यातून काढलेली असते, तिच्यावर जेलकोट बऱ्यापैकी जाड असतो. फारच खराब असेल तर १००० नंबरच्या पाणकागदाने सुरुवात करून २००० पर्यंत जाता येतं. बाजूच्या फिलॉनवर पाणकागद लावू नका. तिथे वरचा थर इतका पातळ असतो की काचेचे तंतू बाहेर डोकावू लागतात, आणि ते हाताला टोचतात.

उंचसखल

फरशीच्या अॅक्रिलिक पॉलिशबद्दल कोणी लिहिलं नाही. इथले बरेच लोक धुऊन त्याचे चार-सहा पातळ हात देतात. एका दुपारी ट्रेलर नव्यासारखा दिसतो. कंपाउंडच्या मेहनतीपुढे खर्च काहीच नाही.

निवडुंग

उंचसखल, मी त्याच्या विरोधात आहे. फोटोत सुंदर दिसतं, कबूल. पण पूड नीट न काढता लावलं तर थर पुडीवर बसतो, जेलकोटवर नाही. आमच्याकडच्या उन्हात तो पिवळा पडतो, मग चट्ट्याचट्ट्यांनी सुटतो, आणि उरलेला काढायला अमोनियाचा स्ट्रिपर घेऊन अख्खा ट्रेलर घासावा लागतो. तोवर त्याखाली वॅक्सही लावता येत नाही.

उंचसखल

मान्य, पण कधी उपयोगी ते सांगतो. जेलकोट इतका झिजलाय की कंपाउंड करायला काही उरलेलंच नाही, तिथे आधी कसून धुऊन मग अॅक्रिलिक आणि दरवर्षी एक नवा हात, हा व्यवहार्य मार्ग आहे. सह्यवाट यांची टोपी कंपाउंडने उजळली तर त्यांना याची गरज नाही. चाचणीचा चौकोन उत्तर देईल.

तांबडी_माती

दोघांचंही बरोबर आहे, आणि शेवटचं वाक्य सगळ्यात बरोबर.

काळ्या ओघळांबद्दल: ती छताची पूड आणि धूळ आहे, पावसाबरोबर खाली येते. म्हणून छत स्वच्छ झालं की ओघळ निम्मे होतात. पन्हळीच्या चारही टोकांना लांब चोच लावा, काही डॉलरांत मिळते. पाणी भिंतीला न चिकटता लांब पडतं.

सह्यवाट

कोपरा उघडला. फीत दोन्ही टोकांना बोटभर तोकडी, वरचे स्क्रू गंजून दोऱ्यासारखे झालेले, टेप खडखडीत. सगळं तुम्ही लिहिलंत तसंच. लाकूड काळपट पण टणक आहे. पंखा लावून ठेवला होता, आज मीटरवर १३ आलं. छताची आडवी पट्टी, सगळे व्हेंट आणि चारही कोपरे नव्याने बसवतोय. मुलगी ब्युटाइल टेप माझ्यापेक्षा सरळ लावते.

आता पट्ट्यांच्या स्टिकरचं विचारतो. ते काढून त्याजागी वारली चित्रं लावायची अशी मुलीची फार इच्छा आहे. तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवतीचा नाचाचा फेरा मागच्या भिंतीवर, आणि दोन्ही बाजूंना बैलगाडी, झाडं. हे व्हायनलमध्ये टिकेल का?

गवतफुला

काय सुरेख कल्पना! व्हायनलच्या कामात मी बरीच वर्षं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

जुनं काढताना हीट गन लांबून, हात लावता येईल इतपतच गरम करा. फार तापवलं तर फिलॉनमागचं चिकटवण सुटतं. प्लास्टिकच्या पात्याने कड उचला आणि व्हायनल स्वतःवरच दुमडत सावकाश ओढा. खवले झालेत तिथे रबरी इरेझर चाक ड्रिलला लावा, कमी वेगावर, एका जागी थांबायचं नाही. गोंद आयसोप्रोपिलने निघेल. स्टिकरखाली ऊन लागलेलं नसतं, त्यामुळे त्या आकाराची गडद सावली भिंतीवर राहते. कंपाउंडने ती फिकी होते, पूर्ण जात नाही. म्हणून चित्रांची मांडणी करताना जुन्या पट्ट्याच्या सावलीवर नवीन पट्टा घ्या.

नवीन व्हायनल कास्ट प्रकारचं मागा. कॅलेंडर्ड स्वस्त असतं पण ते आखडतं, कडा उघड्या पडतात. आता वारलीचं खरं: त्या माणसांचे हातपाय काडीसारखे असतात, आणि मोकळ्या कापलेल्या व्हायनलमध्ये तेच आधी सुटतात. दोन मार्ग आहेत. एक, रेषा मूळ चित्रापेक्षा जाड करा. दुसरा आणि माझ्या मते योग्य, गेरूच्या रंगाचा सलग पट्टा घ्या आणि पांढरी चित्रं त्यावर छापून वरून यूव्ही लॅमिनेट. मूळ चित्रंही गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानेच काढतात, त्यामुळे ते जास्त खरंही दिसेल. गेरू मातकट तपकिरीकडे झुकणारा निवडा, भडक लाल उन्हात लवकर उडतो. पट्ट्याचे कोपरे गोल. व्हायनल लावायच्या जागी आधी वॅक्स लावू नका, ते चिकटणार नाही.

आणि कृपा करून चित्रं एखाद्या वारली कलाकाराकडून विकत घ्या. डहाणू-जव्हारकडचे बरेच कलाकार डिजिटल फाइल देतात.

कुडाळकर

शेवटच्या ओळीला दहा वेळा अनुमोदन.

ट्रेलर बाहेर काढण्याआधी टायरच्या कडेचा डीओटी आकडा (त्यात बनल्याची तारीख असते) बघा. शेवटचे चार अंक २४१९ असतील तर २०१९ सालच्या २४ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी ट्रेलरचे टायर पाच-सहा वर्षांनंतर उन्हाने आणि उभं राहून आतून जातात. फुटलेला टायर चाकावरची भिंतही फाडून नेतो, मग ही सगळी मेहनत वाया.

सह्यवाट

टायर २०१५ चे निघाले. नवे मागवले.

सगळं बसवून झाल्यावर इथल्या एका डीलरकडे हवेच्या दाबाची चाचणी करून घेतली. ते छताच्या व्हेंटवर पंखा बसवून आत हवा भरतात आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडतात. जिथे फट तिथे फुगे. कोपरे आणि छत स्वच्छ निघाले. मागच्या डाव्या दिव्याच्या मागे फुगे आले, तोही दिवा काढून ब्युटाइलवर बसवला.

मग पॉलिशर बाहेर आला. चाचणीच्या चौकोनात टोपी कंपाउंडनेच उजळली, अॅक्रिलिकची गरज पडली नाही. पार्कला फोटो पाठवले, आरक्षण पक्कं झालं. गेरूचा पट्टा पुढच्या आठवड्यात छापून येतोय. पालघर जिल्ह्यातल्या एका कलाकार बाईंनी तारपा-नाच नव्याने काढून दिला.

एक शेवटचं: हिवाळ्यात वरून निळी ताडपत्री बांधली तर चालेल का?

तांबडी_माती

ताडपत्री नको. वाऱ्याने फडफडून तिच्या कडा आणि दोऱ्या जेलकोट घासून काढतात, आणि खाली दमट हवा कोंडून बुरशी धरते. हवा खेळती राहील असं कापडी कव्हर घ्या, पन्हळीच्या चोची आणि छताच्या टोकदार जागांवर आधी फोमचे तुकडे बांधा. कव्हर नसेल तर उघडा ठेवलेला परवडला, फक्त ऑक्टोबरात वॅक्सचा एक हात द्या आणि छतावर चढून सगळं सीलंट पुन्हा बोटाने दाबून बघा. आपल्याकडे पाणी भेगेत शिरून गोठतं, फुगतं आणि भेग रुंद करतं, त्यामुळे थंडीआधीची ती फेरी चुकवू नका. दुसरी एप्रिलमध्ये.